पठाराची ओली बाजू

वेल्डरने मेहुण्याला मारलं ते अख्ख्या क्लबासमोर.

रविवारची सकाळ होती. डोंगर चढून पठारावर पोचलेली वीसेक माणसं, पाठीवर सॅक, हातात काठ्या. आणि समोर, त्यांच्या लाडक्या पाणथळ जागेच्या बरोबर मधून कापत गेलेला नवा चर. पुरुषभर खोल, कडा अजून ओल्या. पठाराचं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी होऊन त्यातून कड्याकडे धावत होतं. चराच्या टोकाला खोदाईचं मशीन घरघरत होतं, आणि मशीनवर बसला होता वेल्डरच्या बायकोचा धाकटा भाऊ.

"बंद कर ते!" वेल्डर ओरडला.

मेहुण्याने मशीन बंद केलं, खाली उतरला, शांतपणे हातमोजे काढले. "भाऊजी, जमीन मालकाची, काम मालकाचं. त्याला ही बाजू सुकवून कुरण करायचंय. मी नाही खणलं तर दुसरा कोणी खणेल. आपण घरी बोलू ना."

"घरी कशाला? ह्यांच्यासमोर बोल."

"काय बोलू? चार डबकी आणि बेडूक. त्यांच्यासाठी दर रविवारी ताईला एकटीला घरी टाकून तुम्ही इथे..."

वाक्य तिथेच तुटलं. वेल्डरच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि हात आधीच उठला होता. दिवसभर लोखंडी गेटं उचलणारा हात तो. ठोसा जबड्यावर बसला आणि ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मेहुणा गुडघ्यांवर आला. वेल्डरने कॉलर धरून त्याला उभा केला आणि पुन्हा मारलं. तो चरात पडला तर वेल्डर त्याच्यामागे चरात उतरला आणि तिथेही मारत राहिला. क्लबातला पोस्टमन मागून त्याच्या कमरेला लटकला, तर वेल्डरचं कोपर त्याच्या नाकावर बसलं. शेवटी चौघांनी मिळून त्याला चिखलात पालथा दाबून धरला.

मेहुणा काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होता. पण खालचा जबडा वरच्याचं ऐकत नव्हता. तपकिरी पाण्यात रक्ताची बारीक रेघ निघाली आणि पाण्याबरोबर कड्याकडे गेली.

क्लब चालवणारी बाई निवृत्त शिक्षिका होती. सत्तरी ओलांडलेली, पण चढणीवर तरण्याताठ्यांना मागे टाकणारी. सगळे तिला कॅप्टन म्हणत. तिने स्वतःचा रुमाल सोडून मेहुण्याचा जबडा बांधला. दोन काठ्या आणि तीन जाकिटं यांची डोली केली. वेल्डर चिखलातून उठून डोलीला हात लावायला आला तेव्हा तिने त्याच्याकडे न बघता सांगितलं, "तू लांब राहा."

*

बायको शाळेची बस चालवायची. त्या दिवशी ती दवाखान्यातून परस्पर रिकामी बस घेऊनच घरी आली. वेल्डर स्वयंपाकघरात सुजलेला हात थंड पाण्यात बुडवून बसला होता.

"दातांना तारा घातल्यात," ती दारातूनच म्हणाली. "वरचे दात, खालचे दात, सगळे एकमेकांना आवळून. दीड महिना तोंड उघडायचं नाही. जे काय खायचं ते नळीने."

"अगं, त्याने पठाराची काय वाट लावली ते बघितलंस का? नुसतं पाणी..."

तिने ते पाण्याचं भांडं उचललं आणि त्याच्या तोंडावर फेकलं. पाणी नाही, भांडं. कपाळ फुटलं. तो उठला तर तिने त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली की तो पुन्हा खुर्चीत बसला.

"आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता तो," ती म्हणाली. "मी वाढवलाय त्याला. पोलीस आले होते. बोलता येत नाही म्हणून कागदावर लिहून दिलं त्याने, मशीनचा दांडा लागला. तुझ्यासाठी नाही हं. माझा संसार मोडू नये म्हणून."

 कपाळावरचं रक्त भुवईतून डोळ्यात उतरत होतं.

"वर्कशॉपमध्ये झोपायचं आजपासून," तिने सांगितलं. "ह्या घरात माझ्या भावाचा जबडा मोडणारा माणूस जेवणार नाही."

*

वर्कशॉपमध्ये अर्धवट गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, सळया, आणि जळक्या धातूचा वास. आठवडाभराने कॅप्टन तिथे आली. बसायला जागा नव्हती म्हणून एका आडव्या गेटावर बसली.

"चूक झाली," वेल्डर म्हणाला. "पण एक सांगा, माझ्याशिवाय दुसरं कोण भिडलं त्याला?"

"भिडलास खरा. मालकाने दुसरा माणूस आणला. उरलेले चर परवाच खणून झाले."

वेल्डरने हातातला हातोडा भिंतीवर भिरकावला. तो पत्र्यावर आदळून परत आला आणि कॅप्टनच्या पायाशी पडला. तिने तो उचलला, दांड्याचा भाग त्याच्याकडे करून परत दिला.

"झालं? आता ऐक. वरची काळी माती म्हणजे काय आहे माहितीये? शेवाळ. हजारो वर्षांचं, पाण्याखाली राहिलं म्हणून न कुजलेलं. बरणीतलं लोणचं समज. तेलाखाली आहे तोवर टिकतं, उघडं पडलं की गेलं. पाणी काढलंस की त्या मातीतला सगळा कार्बन हवेत. आणि वर ठिणगी पडली की नुसतं सरपण."

"माहितीये मला! म्हणून तर..."

"म्हणून तर तू माणसाला मारलंस. मी दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेत गेले. पठाराची उगवतीची बाजू गावाची आहे. तिथे आजोबा-पणजोबांच्या काळातले चर आहेत, ते बुजवायची परवानगी मिळाली. फळ्या ठोकायच्या, मागे माती भरायची, पाणी साचू द्यायचं. लहान मुलं ओढ्यात धरण-धरण खेळतात ना, तेच."

"त्याने काय होणार? मालकाची बाजू तर सुकतेय. सगळं जगच सुकतंय."

"जगाचं मला विचारू नकोस, मला गुडघ्याचं सांभाळता येत नाही," कॅप्टन म्हणाली. "पण मागच्या रविवारी तीन बांध घातले आणि संध्याकाळपर्यंत पाणी चढलं. डोळ्यांदेखत. पोस्टमन त्या पाण्यात नाचला, फुटक्या नाकाने. घरी बसून बातम्या बघत रडणारी माणसं आली होती रे, चिखलात लोळून हसत गेली. पुढच्या रविवारी शेजाऱ्यांना घेऊन येणारेत."

"मी येतो."

"नाही. क्लबने ठरवलंय. बायका घाबरतात तुला. खरं सांगायचं तर मीही घाबरते."

हे मात्र त्याला कानाखालच्या चपराकीपेक्षा जास्त लागलं. त्याने हातोडा खाली ठेवला.

"मग आलात कशाला?"

"फळ्या खाली जात नाहीत. तळाशी दगड लागतो आणि टोक चुरतं. टोकांना लोखंडी पाती बसवून हवीत."

त्याने करून दिली. जाड पत्रा कापून, कोन दुमडून, धार लावून. पुढचे काही आठवडे दर शनिवारी पोस्टमन यायचा, नाकावर पट्टी, फळ्या गाडीत भरायचा, आणि एक शब्द न बोलता जायचा. वेल्डर मात्र बोलायचा. "वर पाणी कुठवर आलं?" पोस्टमन कधी बोटाने गुडघा दाखवायचा, कधी मांडी.

*

त्या वर्षी उन्हाळा हटायचं नावच घेईना. मालकाच्या बाजूची काळी माती आधी तडकली, मग भुसभुशीत झाली, मग वाऱ्यावर उडायला लागली. एका दुपारी पठारावर धूर दिसला. कशाने पेटलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

वेल्डरचा फोन वाजला. बायको होती. वर्कशॉपमध्ये राहायला गेल्यापासून तिने फोन केला नव्हता.

"अग्निशमनवाल्यांनी सगळी मशीनं वर बोलावलीत, आगीच्या आडवी पट्टी खणायला. धाकटा गेलाय. तोंड बांधलेलं असताना गेलाय तो! मी बस घेऊन पायथ्याच्या वस्तीतली माणसं काढतेय. तू जा." मग आवाज फुटला. "जा ना!"

त्याने वेल्डिंगचा चामडी कोट चढवला, पहार गाडीत टाकली आणि जंगलातला कच्चा रस्ता धरला. वरून ससे धावत येत होते. एक हरीण गाडीच्या बॉनेटवर आदळलं आणि मोडक्या पायाने तसंच पुढे पळालं.

वर आकाश राहिलं नव्हतं. नारिंगी धूर, आणि त्यात वाऱ्याच्या झोताबरोबर उडणारे जळते झुपके. आग गवतावर कमी आणि जमिनीखाली जास्त होती. जागोजागी भुईला भोकं पडून आतून लाल दिसत होतं, भट्टीच्या तोंडात बघावं तसं. एक झाड त्याच्या डोळ्यांसमोर मुळासकट आडवं झालं, कारण मुळांखाली काही उरलंच नव्हतं.

मेहुण्याचं मशीन तिरकं झालं होतं. खालून जळून पोकळ झालेली जमीन वजनाने खचली होती आणि मशीनचा एक पट्टा आगीच्या खड्ड्यात गेला होता. रबर, तेल, रंग, सगळं पेटत होतं. दार खालच्या बाजूला दबलेलं. काचेमागे मेहुणा दोन्ही हातांनी काच बडवत होता, आणि ओरडू शकत नव्हता.

वेल्डर मशीनवर चढला. तापलेल्या पत्र्याने तळवे भाजले. पहिल्या घावात पहार घसरली, दुसऱ्यात काचेला तडा गेला, तिसऱ्यात काच आत कोसळली. आतून काळा धूर बाहेर आला. त्याने हात घालून मिळेल ते धरलं. केस आणि शर्ट. आणि त्या काचेच्या दातांवरून मेहुण्याला बाहेर ओढला. दोघे खाली पडले. वेल्डर उठला, त्याला काखेत धरून फरफटत थोडा लांब नेला.

तेव्हा मेहुण्याला उलटी झाली.

धुराने पोट उसळलं, आणि तोंड तारांनी बंद. नाकातून पांढरं पाणी आलं आणि मग तेही थांबलं. तो जमिनीवर तडफडायला लागला. डोळे बाहेर, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या, चेहरा निळा पडत चाललेला. त्याच्या गळ्यात दोरीला एक छोटी पक्कड लटकत होती. दातांच्या डॉक्टरने अशाच वेळेसाठी दिलेली. त्याची बोटं तिला चाचपत होती, पण धरू शकत नव्हती.

वेल्डरने पक्कड ओढून घेतली आणि त्याच्या तोंडावर वाकला. मेहुण्याने दोन्ही हात चेहऱ्यासमोर आडवे धरले. श्वास कोंडलेला असतानाही तो माणूस मार चुकवत होता.

"नाही मारत! अरे, नाही मारत तुला!"

ऐकायच्या पलीकडे गेला होता तो. लाथा झाडत होता. वेल्डरने एक गुडघा त्याच्या छातीवर रोवला, दुसऱ्याने हात दाबला, डाव्या हाताने कपाळ भुईला टेकवलं आणि पक्कड ओठांत घुसवली. ओठ फाटला. एक तार तुटली. हिरडीतून रक्त आलं, बोटं निसटली, पक्कड दातावर आपटली. दुसरी तार. तिसरी. सगळ्या आयुष्यात त्याने इतकी बारीक तार कधी कापली नव्हती. शेवटची तुटल्याबरोबर त्याने अंगठ्यांनी जबडा उघडला, मोडलेला जबडा, आणि मेहुण्याला कुशीवर वळवला. सगळं भळभळ बाहेर आलं. मग एक श्वास आत गेला, करवतीसारखा खरखरत.

"हरामखोर," मेहुणा म्हणाला. तार बसल्यापासूनचा त्याचा पहिला शब्द.

"हो," वेल्डर म्हणाला. "चल आता."

त्याला खांद्यावर टाकून तो पळाला. मागे मशीनची टाकी फुटली आणि त्या धक्क्याने दोघे तोंडावर आपटले. पुन्हा उठले. पायाखाली जमीन गरम होती, मग कोमट झाली, आणि मग एकदम वेल्डरचा पाय पोटरीपर्यंत थंडगार चिखलात रुतला.

गावाची बाजू आली होती.

समोर धुरात माणसं दिसली. कॅप्टन, पोस्टमन, क्लबातले बाकीचे, आणि कितीतरी अनोळखी. हातात ओली पोती, फावडी, बादल्या. बांधांमागे साचलेल्या पाण्यात ती कमरेपर्यंत उभी होती. अग्निशमनवाले मालकाच्या बाजूचा नाद सोडून इकडे आले होते, कारण पंपाला पाणी फक्त इथेच होतं.

"इकडे!" कॅप्टन ओरडली. मेहुण्याला तिने दोघांच्या हवाली केलं, एकदा वेल्डरकडे नीट पाहिलं, आणि त्याच्या अंगावर एक ओलं पोतं फेकलं. "त्या टोकाचा बांध अजून झालेला नाही. तिथून आग आत शिरेल. जा, मार तिला!"

आग आली ती घोड्यांच्या कळपासारखी आली. ओल्या जमिनीला भिडली आणि फुत्कारली. सगळीकडे वाफ. गवताचे शेंडे जळत पुढे यायचे, पाण्यापाशी येऊन विझायचे, वारा त्यांना पुन्हा उचलायचा. जिथे बांध झालेला नव्हता तिथे मात्र ती सरळ आत घुसली. वेल्डर तिच्यावर तुटून पडला. पोत्याने झोडपलं, फावड्याने कापलं, बुटांनी तुडवलं, आईबहिणीवरून शिव्या घातल्या. शेजारी पोस्टमनच्या केसांनी पेट घेतला. वेल्डरने त्याची मान धरून त्याला डोक्यासकट पाण्यात बुडवला आणि पुन्हा बाहेर काढला. कॅप्टन घसरून पडली, तिचा डावा हात निखाऱ्यात गेला. ती उठली, हात पाण्यात घातला, आणि दुसऱ्या हाताने बादली मागितली. श्वास घेतला की छातीत काटे टोचत होते. कोणी मागे हटलं नाही. मागे डोंगराचा उतार होता आणि उताराखाली ती वस्ती, जिथून बायको बस भरभरून माणसं काढत होती.

ऊन कलता कलता वारा पडला. आग ओल्या बाजूच्या कडेवर तशीच घुटमळली, धुमसली, आणि पुढे आली नाही.

*

मालकाची बाजू त्यानंतर कित्येक आठवडे जमिनीच्या आत जळत राहिली. विझली तेव्हा तिथे नुसते काळे खड्डे होते. मालकाने नगरपालिकेला कळवून टाकलं, तुमच्या त्या वेड्यांना काय करायचं ते करू द्या.

त्या परवानगीनंतरच्या पहिल्या रविवारी पायवाटेवर रांग लागली. फावडी कमी पडली इतकी माणसं. वस्तीतली होती, अग्निशमनवाले सुट्टीवर होते, आणि ज्यांनी कधी डोंगर चढला नव्हता ते निम्म्या वाटेवर धापा टाकत कॅप्टनला शिव्या देत होते. तिचा हात गळ्यात बांधलेला होता. "श्वास पुरला तर अजून द्या," ती म्हणत होती.

मेहुणाही आला. मशीन गेलं होतं. जबडा नव्याने बसवला होता, पण जरा वाकडाच, बोलताना शब्द डाव्या गालातून यायचे. "मोठा चर मी खणलाय, बाकीचे आखलेत मी," तो कॅप्टनला म्हणाला. "कुठे किती खोल आहेत, मलाच ठाऊक." कॅप्टनने त्याला कामावरचा प्रमुख केला, आणि मग वेल्डरला बोलावलं. "तू ह्याच्या हाताखाली."

बायका अजून जरा लांबूनच जात होत्या वेल्डरपासून. त्याने मान खाली घातली आणि फळी उचलली.

सगळ्यात मोठ्या चरात दोघे उतरले. वेल्डरने फळी उभी धरली. मेहुण्याने घण उचलला. फळीचं डोकं आणि वेल्डरचं डोकं यांच्यात वीतभर अंतर होतं. वर काठावर फावडी थांबली.

घण आला. फळी एक बोट खाली गेली. दुसरा घाव, तिसरा. मेहुणा गरजेपेक्षा जास्त जोर लावत होता आणि फळीकडे न बघता वेल्डरकडे बघत होता. वेल्डर हलला नाही. पुढचा घाव फळीच्या कडेवर पडला आणि तिथून घसरून त्याच्या अंगठ्यावर.

हाड मोडलं ते सगळ्यांना ऐकू आलं. वेल्डर गुरासारखा ओरडला. त्याच्या दुसऱ्या हाताची मूठ आवळली, खांदा मागे गेला, मानेच्या शिरा फुगल्या. पोस्टमनने चरात उडी मारायची तयारी केली. मेहुण्याने घण खाली टाकला आणि हात आडवे न धरता तसाच उभा राहिला.

वेल्डर चराच्या भिंतीकडे वळला. त्याने मूठ तिच्या मातीत घातली, एकदा, दोनदा, कोपरापर्यंत. ओली काळी माती अंगावर कोसळली. मग तो दम खात उभा राहिला.

"फळी तिरकी गेली," तो म्हणाला. "नीट मार."

"मुद्दाम नाही केलं," मेहुणा म्हणाला. मग थोडं थांबून, डाव्या गालातून, "थोडं मुद्दाम."

वर कोणीतरी फिसकन हसलं. वेल्डरची बायको गर्दीतून वाट काढत काठावर आली. बसमधून अर्धं गाव तिनेच आणून पायथ्याशी उतरवलं होतं आणि पहिल्यांदाच ती स्वतः वर चढून आली होती. ती चरात उतरली, ओढणी फाडली आणि नवऱ्याचा अंगठा बांधायला लागली. हळुवार वगैरे काही नाही, करकचून.

"आई गं!"

"ओरडू नकोस. त्याला दीड महिना ओरडताही येत नव्हतं." तिने गाठ मारली, मग भावाकडे वळली. "आणि तू. पुन्हा असं काही केलंस तर तोच घण घेईन मी."

मेहुण्याने घण उचलला. ह्या वेळी फळी तिने धरली. वेल्डर दुसऱ्या हाताने फावडं घेऊन फळीमागे माती टाकत राहिला. चराच्या तळाशी पाणी आधी फळीला चाटत थांबलं, मग बुटांवर आलं, मग घोट्यापर्यंत. काठावरून कॅप्टन ओरडून विचारत होती, त्या टोकाला कोण रिकामं आहे म्हणून.